सरकतेय ती जमीन की खांब?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: भूकवचाचे तुकडे वर्षाला काही सेंटीमीटर सरकतात, एखाद्या भ्रंशापाशी, म्हणजे भूकवचातल्या सरकत्या भेगेपाशी, तर जेमतेम काही मिलिमीटर. जमिनीत बसवलेली यंत्रं इतकी संथ हालचाल मोजतात कशी? उन्हात लोखंडी सळईसुद्धा त्याहून जास्त वाढते, मग खरं काय नि खोटं काय हे ठरवतात कसं? आणि जीपीएस असताना बोगद्यात तारा नि पाण्याच्या नळ्या बसवायचा खटाटोप अजून कोण करतं, कशासाठी? शेवटी एक पुस्तीही जोडलीय: फोनमधला सेन्सर वापरून घरच्या घरी काही जमेल का?

मी या कामात तीसेक वर्षं आहे. पहिली काही वर्षं मी यंत्रांवर जीव टाकला, त्यानंतरची सगळी खड्ड्यांवर. मिलिमीटरचा हजारावा भाग ओळखणारा सेन्सर आज सहज विकत मिळतो, आणि त्याच्याही हजारपट बारीक ओळखणारे आहेत. अडचण तिथे नाहीच. सेन्सर आणि भूकवच यांच्या मधे खांब असतो, सिमेंट असतं, माती, मुळं, पाणी असतं. भूकवच सरकलं तर खांब सरकतो हे खरं. पण खांब सरकला म्हणून भूकवच सरकलं असं होत नाही. या धंद्यातली निम्मी अक्कल या एका वाक्यात आहे, आणि ती मला पुस्तकातून आली नाही.

गंमत म्हणजे भ्रंश भूकंपाशिवायही हळूहळू सरकत राहतात, हे कुठल्या यंत्राने दाखवून दिलं नाही. कॅलिफोर्नियात हॉलिस्टर गावाच्या दक्षिणेला वाइन बनवण्याची एक इमारत नेमकी सॅन अँड्रियास भ्रंशावर उभी होती. तिच्या भिंती फाटत होत्या, काँक्रीटचं गटार तुटून दोन तुकडे एकमेकांपासून बाजूला सरकायला लागले होते. १९५६ मध्ये जाणकारांचं तिकडे लक्ष गेलं आणि १९६० मध्ये त्यावर शोधनिबंध आले: वर्षाला सेंटीमीटरभर, भूकंप न होता. तुर्कस्तानात उत्तर अनातोलियन भ्रंशावर इस्मेतपाशाला असाच शोध १९७० मध्ये लागला, तो रेल्वेच्या आवारातल्या एका भिंतीमुळे. भिंत सरळ बांधलेली होती आणि ती सरळ राहिली नव्हती. भिंतीचे दोन गुण लक्षात घ्या. ती लांब असते, आणि बांधली तेव्हा सरळ होती हे सगळ्यांना माहीत असतं. चांगल्या यंत्राकडून आपण याहून वेगळं काही मागत नाही.

भ्रंशावरच्या अशा सरकण्याला क्रीप म्हणतात, आणि ते मोजणारं यंत्र म्हणजे क्रीपमीटर. रचना अगदी साधी. भ्रंशाच्या दोन्ही बाजूंना एकेक खांब खोल रोवायचा, मधे तार ताणायची, एक टोक पक्कं बांधायचं, दुसऱ्या टोकाला वजनाने किंवा स्प्रिंगने ताण कायम ठेवायचा आणि तिथे सेन्सर लावायचा. तार भ्रंशाला काटकोनात नेत नाहीत. दोन बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकत असतील तर काटकोनातल्या तारेची लांबी सुरुवातीला जवळपास बदलतच नाही. म्हणून ती साधारण ३० अंशांत तिरकी न्यायची. मग भ्रंश १० मिलिमीटर सरकला की तार सुमारे ८.७ मिलिमीटरने लांबते किंवा आखडते.

आता तुमची सळई. तार ३० मीटर लांब आणि साध्या पोलादाची असेल, तर तापमान १ अंशाने वाढलं की ती सुमारे ०.३६ मिलिमीटर वाढणार. सकाळ ते दुपार १० अंशांचा फरक पडला की साडेतीन मिलिमीटर, म्हणजे एखाद्या भ्रंशाची वर्षभराची कमाई एका दुपारी गिळली! म्हणून इन्व्हार वापरतात, लोखंड आणि निकेलचा मिश्रधातू. तो पोलादाच्या सुमारे एक दशांशच प्रसरण पावतो. १८९६ मध्ये शार्ल गियोमने तो शोधला आणि त्याच कामासाठी १९२० चं नोबेल त्याला मिळालं. हल्ली कार्बन तंतूंच्या कांड्याही वापरतात.

पण खरा इलाज आहे माती. दिवस-रात्रीची उष्णता मातीत फार खोल जात नाही; मीटरभर खाली दुपार आणि पहाट यांतला फरक जवळजवळ संपलेला असतो. ऋतूंची उष्णता मात्र झिरपत राहते आणि ती उशिरा पोचते. वरचा कडक उन्हाळा दोन मीटर खाली जाणवायला महिना-दीड महिना लागतो. हा उशीर आमच्या फार उपयोगी पडतो. वर्षभराच्या नोंदीत एखादी लाट दिसली आणि ती त्या खोलीवरच्या तापमानाशी बरोबर पावलं टाकत असेल, तर ती उष्णतेची. तापमापी वर सावलीत टांगून ठेवली असेल तर हे कळणारच नाही. ती तारेशेजारी पुरलेली हवी.

एक प्रसंग जवळून सांगते. खंदक खणून झाला, पाइप टाकला, तार ओवली. आता माती लोटायची. माझी जुनी सवय अशी की त्याआधी एका टोकाला बसून तारेला नखाने टिचकी मारायची आणि दुसऱ्या टोकाला कुणालातरी तारेवर बोट टेकवून बसवायचं. तार मोकळी असेल तर थरथर पोचते आणि बराच वेळ विरत नाही. ती पाइपाला कुठे टेकली असेल तर थरथर मधेच मरते. त्या दिवशी अंधार पडत आला होता, पाऊस भुरभुरत होता, आणि टिचकी मेली. सगळे म्हणाले, टेकली असेल जराशी, जाऊ दे. मीही जाऊ दिलं. पुढची दोन वर्षं त्या यंत्राने सुंदर पायऱ्या दाखवल्या: काही दिवस स्तब्ध, मग अचानक ०.२ मिलिमीटरची उडी, पुन्हा स्तब्ध. भ्रंशही असाच झटक्यांनी सरकतो, त्यामुळे आम्ही खूश. निघालं ते असं की तार पाइपाच्या एका सांध्यावर अडकून बसायची आणि ताण साठला की सुटायची. भ्रंश तिथे गुळगुळीत, एका लयीत सरकत होता. पायऱ्या पाइपाच्या होत्या.

म्हणून खरी क्रीपची घटना ओळखायला आकार बघायचा. ती झपकन सुरू होते, पहिल्या तासांत बरंचसं सरकून घेते आणि मग हळूहळू मंदावत जाते. दिशा भ्रंशाच्या नेहमीच्या दिशेचीच असते, आणि भ्रंशावरच पुढे दुसरं यंत्र असेल तर बहुतेक वेळा तिथेही काही उमटतं. पावसाची घटना वेगळी वागते. चिकणमाती फुगते, खांबांना ढकलते, रेघ कधी उलट दिशेलाही जाते आणि माती सुकताना परत येते. कोरड्या महिन्यांनंतरचा पहिला मोठा पाऊस ज्या नोंदीत दिसत नाही, ती नोंद मी संशयाने बघते. बहुधा सेन्सर बंद पडलेला असतो.

आता जीपीएस. खरं तर जीएनएसएस (सगळ्या देशांच्या अशा उपग्रह यंत्रणांचं सामाईक नाव) म्हणायला हवं, कारण उपग्रह आता एकाच देशाचे नाहीत. पण बोलताना जीपीएसच तोंडात येतं. कायम बसवलेलं एक चांगलं ठाणं दिवसभराच्या निरीक्षणांतून स्वतःची आडवी जागा १-२ मिलिमीटरच्या आसपास सांगतं. उंची मात्र तीनेक पटींनी वाईट, कारण उपग्रह फक्त डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो. शिवाय वातावरणामुळे संदेशाला जो उशीर होतो तो अगदी माथ्यावरच्या उपग्रहासाठीही सुमारे २.३ मीटर अंतराएवढा असतो. त्यातला हवेतल्या बाष्पाचा वाटा दर तासाला बदलतो आणि तोच उंचीत मिसळतो. इतकी सगळी भानगड असूनही उत्तर मिलिमीटरमध्ये येतं, याचं मला आजही नवल वाटतं.

पण वेग काढायचा तर धीर हवा. ठाणं दरवर्षी ऋतूंबरोबर वर-खाली होतं. ॲमेझॉनच्या खोऱ्यात मानाउसला पुराच्या पाण्याच्या नुसत्या वजनाने जमीन दरवर्षी ५ ते ७ सेंटीमीटर दबते आणि पाणी ओसरलं की वर येते. हे खरंखुरं भूकवचाचं हलणं आहे, पण भ्रंशाशी त्याचा संबंध नाही. अशा वार्षिक लाटेमुळे निदान अडीच वर्षांची नोंद हातात नसेल तर वेगाचा आकडा तोंडाबाहेर काढू नये, असा आमच्यात संकेत आहे. मी तर त्यापुढेही थांबते.

आणि इथेही शेवटी खांबच. मातीत दीड मीटर गाडलेला काँक्रीटचा ठोकळा स्वस्तात होतो आणि वर्षानुवर्षं दारुड्यासारखा झुलत राहतो: आज थोडा इकडे, उद्या थोडा तिकडे, परत जागेवर येण्याचं बंधन नाही. असली भटकंती सरासरी काढून जात नाही, हे तिचं खरं दुखणं. साधा गोंगाट असेल तर चौपट निरीक्षणं घेतली की चूक निम्मी होते. खांब भटकत असेल तर रोज हजार मोजमापं घ्या, काही फरक पडत नाही. म्हणून जिथे पैसे असतात तिथे एक उभा आणि तीन-चार तिरके पाइप सुमारे १० मीटर खोल नेऊन वर एकत्र जोडतात, आणि वरच्या काही मीटरमध्ये त्यांना मातीचा स्पर्शही होऊ देत नाहीत. उघडा, न भंगलेला खडक मिळाला तर प्रश्नच नाही. पण भ्रंश नेमके तिथे असतात जिथे खडक चुरलेला असतो.

आमच्या एका ठाण्याच्या नोंदीत एका दिवशी ९ मिलिमीटरची उडी होती, स्वच्छ, एका रात्रीत. आसपास भूकंप नाही. आठवडाभर तर्क लढवले. शेवटी कळलं की कुणीतरी अँटेना बदलली होती आणि वहीत लिहायला विसरलं होतं. तेव्हापासून ठाण्याच्या खोलीत पेन दोरीने बांधलेलं असतं.

उपग्रहांच्या आधी उंचीसाठी एकच भरवशाचं साधन होतं, लेव्हलिंग. दुर्बिणीतून मागच्या पट्टीवर बघायचं, पुढच्या पट्टीवर बघायचं, फरक लिहायचा, पुढे चालायचं. नीट केलं तर किलोमीटरभर चालून चूक मिलिमीटरच्या आत राहते, आणि आजही कमी अंतरात उंचीसाठी मी जीपीएसपेक्षा लेव्हलिंगवर जास्त विश्वास ठेवते. नेपल्सशेजारच्या पोझुओलीत १९८२ ते १९८४ मध्ये जमीन सुमारे १.८ मीटर वर आली, तिचा हिशेब लेव्हलिंगने ठेवला गेला. तिथल्या रोमन बाजाराच्या खांबांना बऱ्याच उंचीवर समुद्री शिंपल्यांनी पोखरलेली भोकं आहेत. म्हणजे ही जमीन समुद्राखाली जाऊन परत वर आलेली आहे.

पण लेव्हलिंगनेच आमच्या क्षेत्राची मोठी फजितीही केली. १९७६ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात पामडेलच्या परिसरात जमीन काही वर्षांत सुमारे २५ सेंटीमीटर फुगल्याचं जाहीर झालं, तेही सॅन अँड्रियास भ्रंशाच्या अगदी शेजारी. मोठा भूकंप येणार की काय, अशी चर्चा पेटली. मग मोजणीच तपासायला घेतली. तापलेल्या जमिनीलगत हवेचे थर वेगवेगळ्या तापमानाचे असतात आणि दृष्टिरेषा त्यात किंचित वाकते. चढावर मागच्या पट्टीवर रेषा उंच, पुढच्या पट्टीवर जमिनीलगत. म्हणजे चूक दोन्हीकडे सारखी नाही आणि एकमेकींत कटत नाही. आधीच्या सर्वेक्षणात नजरेचे टप्पे लांब होते, नंतरच्यांत आखूड. टप्पा लांब तर चूक जास्त. दोन सर्वेक्षणांची वजाबाकी केली की जमीन वर आल्याचा भास होतो! पट्ट्यांच्या मापनातही घोळ होते. फुगवटा पूर्ण खोटा होता की थोडा खरा, यावर बराच काळ वाद चालला, पण मूळ आकड्यावर कुणाचा विश्वास उरला नाही. मी नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात हीच गोष्ट सांगते. ती मोजणी करणारी माणसं निष्काळजी नव्हती. त्यांची चूक दरवेळी एकाच दिशेला पडत होती, एवढंच.

जमीन कललीय का हे बघणारा तो टिल्टमीटर. एकक मायक्रोरेडियन: किलोमीटरभर लांबीच्या फळीच्या एका टोकाखाली मिलिमीटरची चकती सरकवली तर येईल तेवढा कल. चांगली यंत्रं त्याच्याही हजाराव्या भागाला दाद देतात. ज्वालामुखीवर याला तोड नाही. हवाईत किलाउएया ज्वालामुखीच्या माथ्यावर कित्येकदा कल काही तास ते दोन दिवस हळूहळू उतरतो आणि मग झपाट्याने भरून येतो, करवतीच्या दात्यासारखी रेघ. खालचा मॅग्मा (वितळलेला खडक) ओसरतो नि परत येतो. तिथे हालचाल मोठी आणि वेगवान असते, त्यामुळे खांबाच्या भटकंतीला तिच्यावर मात करायला वेळच मिळत नाही.

भ्रंशांसाठी मात्र लहान टिल्टमीटर मला कधी पटले नाहीत. हातभर लांबीचं यंत्र हातभर जमिनीचा कल सांगतं, आणि त्या हातभर जमिनीत एक दगड बसला की संपलं. उपाय म्हणजे पाया लांब घ्यायचा. १९१३ च्या सुमारास मायकेल्सन आणि गेल यांनी अमेरिकेतल्या यर्किस वेधशाळेच्या आवारात सुमारे १५० मीटर लांबीचे पाइप पुरले आणि ते पाण्याने अर्धेच भरले. अर्धे यासाठी, की पाण्याचा पृष्ठभाग या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा राहतो आणि आपोआप समतल होतो. भरगच्च भरलेल्या नळीत एका बाजूचं पाणी तापलं की पातळी खोटी पडते. सूर्य-चंद्रामुळे त्या पाइपांत जी इवलीशी भरती-ओहोटी येत होती, ती त्यांनी सूक्ष्मदर्शकातून मोजली. पृथ्वी अगदी ताठ असती तर जितकी भरती यायला हवी होती, तिच्या सुमारे सात दशांशच आली. उरलेली गेली कुठे? पाइपांखालची जमीन स्वतःच भरतीबरोबर उठत-बसत होती. मला विचाराल तर जमिनीवर केलेलं याहून देखणं मोजमाप नाही. तुमच्या प्रश्नातल्या पाण्याच्या नळ्या त्या याच. अजूनही तत्त्व तेच आहे, फक्त सूक्ष्मदर्शकाच्या जागी लेझर आला आणि लांबी अर्ध्या किलोमीटरपर्यंत गेली.

बोगद्यात बसवलं की सगळं सुटतं असंही नाही. बोगदा म्हणजे खडकातली पोकळी. खडक दाबला गेला की पोकळीचा आकार बिघडतो आणि भिंतीजवळ ठेवलेलं यंत्र त्या दाबालाच कल समजून बसतं. शिवाय माणूस! आपलं शरीर शंभरेक वॉटच्या दिव्याएवढी उष्णता टाकतं. मी आत जाऊन अर्धा तास खुडबुड केली की पुढच्या दोन दिवसांची नोंद मी स्वतःच खोडते.

उरला स्ट्रेनमीटर, आणि तुमच्या 'कशासाठी' या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. स्ट्रेन म्हणजे लांबीतला बदल भागिले मूळ लांबी. प्लेटांच्या, म्हणजे भूकवचाच्या त्या तुकड्यांच्या, सीमेजवळ तो वर्षाला साधारण एक कोटीत एक भाग इतका साठतो: १० किलोमीटरला १ मिलिमीटर. ह्युगो बेनिऑफने १९३५ मध्ये लांब दांडा वापरून हे मोजायचं यंत्र केलं. पुढे दांड्याची जागा लेझरने घेतली. कॅलिफोर्नियातल्या पिन्यॉन फ्लॅट वेधशाळेत ७३२ मीटर लांबीचे लेझर स्ट्रेनमीटर १९७० च्या दशकापासून आहेत. तिथेही गाडं खांबांवरच अडलं होतं. टोकाचे खांब हलतात म्हणून त्या खांबांचं हलणं खालच्या खडकाच्या तुलनेत मोजणारी दुसरी यंत्रणा सुमारे २५ मीटर खोल उतरवली आणि ते हलणं वजा केलं. यंत्र मोजायला यंत्र. मला हा विचार फार आवडतो: खांब थांबत नाही ना, मग त्यालाही मोजा.

दुसरा मार्ग म्हणजे बोअरहोल. दोनेकशे मीटर खोल भोक पाडायचं, तळाला ग्राउट (पातळ सिमेंट) ओतायचं, त्यात यंत्र बुडवायचं. सॅक्स आणि एव्हर्टसन यांचं १९७१ चं यंत्र म्हणजे सिलिकॉन तेलाने भरलेलं पोलादी नळकांडं. खडक आवळला की नळकांडं आवळतं, तेल बारीक छिद्रातून बाहेर पडतं आणि तेवढं मोजायचं. याची नजर किती बारीक? चंद्रापर्यंत दोरी ताणली आणि ती ३-४ मिलिमीटर वाढली, तर तेवढा फरक या यंत्राला कळतो. पण ग्राउट जमताना फुगतं, भोक मिटायला बघतं, खोदकामाने विस्कटलेलं पाणी पूर्वपदावर यायला वेळ लागतो. त्यामुळे पहिली काही वर्षं यंत्र एकाच दिशेला वाहत राहतं, आणि त्याचा वेग प्लेटांच्या वेगापेक्षा खूप जास्त असतो. वर्षाला भूकवच किती आवळलं, हे बोअरहोलच्या यंत्राला विचारूच नका. गेल्या दहा मिनिटांत किंवा गेल्या आठवड्यात काय झालं ते विचारा.

आता जोड लावून बघा. मिनिटं, तास, दिवस यांत स्ट्रेनमीटर जीपीएसला सहज मागे टाकतो. महिने-वर्षं म्हटली की तो वाहून जातो आणि जीपीएस पुढे येतो. मधे काही आठवड्यांचा पट्टा आहे, तिथे दोन्ही जेमतेम चालतात, आणि भूकवच नेमकं त्याच पट्ट्यात गंमत करतं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या व्हँकुव्हर बेटावर एरवी आतल्या बाजूला ढकलला जाणारा किनारा सुमारे दर १४ महिन्यांनी काही आठवडे उलटा, समुद्राकडे, साधारण ५ मिलिमीटर सरकतो. ड्रॅगर्ट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ते जीपीएसच्या नोंदींवरून मांडलं; जपानच्या बुंगो सामुद्रधुनीपाशी तसलीच मंद घटना त्याच्या दोन वर्षं आधीच नोंदवली गेली होती. जीपीएस सांगतं की इतकं सरकलं. पण ते सरकणं भ्रंशावरून दिवसाला साधारण १० किलोमीटर या चालीने कसं पुढे गेलं, हे बारकाईने बघायचं तर बोअरहोलची यंत्रं लागतात. म्हणून खटाटोप.

यंत्र खरं बोलतंय का याची तपासणी फुकट उपलब्ध आहे: जमिनीची भरती. सूर्य-चंद्राच्या ओढीने भूकवच दिवसातून दोनदा ताणलं-आवळलं जातं, आणि तो फरक सीमेजवळ सहा महिन्यांत साठणाऱ्या स्ट्रेनच्या तोडीचा असतो. किती आणि केव्हा हे गणिताने आधीच माहीत असतं. ज्या स्ट्रेनमीटरच्या नोंदीत भरती दिसत नाही तो खडकाला जोडलेलाच नाही. दिसते पण वेळ चुकलेली असेल तर घड्याळ तपासा. चंद्राच्या मुख्य लाटेत (एक पूर्ण लाट म्हणजे ३६० अंश) एका तासाच्या चुकीने २९ अंशांचा फरक पडतो. आमच्या एका लॉगरवर (नोंदी साठवणाऱ्या पेटीवर) अगदी २९ अंशांची तफावत यायची. खडकाच्या गुणधर्मांवर मी अर्धा निबंध लिहून काढला होता. लॉगरचं घड्याळ बरोब्बर एक तास पुढे होतं.

भूकंपाआधी ही यंत्रं काही सांगतात का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण पुढचा तोच असतो. कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास भ्रंशावरच्या पार्कफिल्डला १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ असे साधारण ६ तीव्रतेचे भूकंप झाले होते. सरासरी २२ वर्षं, म्हणून पुढचा १९८८ च्या आसपास, १९९३ च्या आत येईल असा अंदाज बांधला आणि तो भाग क्रीपमीटर, स्ट्रेनमीटर, लेझर अशा सगळ्यांनी भरून टाकला. भूकंप आला २८ सप्टेंबर २००४ ला. यंत्रं चालू होती, नोंदी उत्तम. आधीच्या दिवसांत, तासांत, मिनिटांत निःसंशय म्हणावं असं काहीही नव्हतं. काही जण याला अपयश म्हणतात. मी म्हणत नाही: भूकंपाची सुरुवात खाली जास्तीत जास्त किती मोठी असू शकते याची मर्यादा त्या शांत रेघांनीच घालून दिली. मात्र त्यानंतर कुणी स्वस्तातला टिल्टमीटर दाखवून भाकीत विकायला आलं की मी त्याला चहा देते आणि पार्कफिल्डच्या रेघा दाखवते.

आता पुस्ती. फोनमधला सेन्सर इमारतीच्या भिंतीचा कल किंवा घसरणारा उतार यांसाठी एक वेळ चालेल, कारण तिथे हालचाल मोठी असते. भूकवचासाठी नाही, फोन स्वतः तापला-थंडावला की त्याचा शून्य जितका सरकतो, त्यात वर्षानुवर्षांचं भूकवचाचं कलणं बुडून जाईल. सरकणारा भ्रंश जवळ असेल तर मात्र सेन्सरही नको. रस्त्याची कड, कुंपण, पाइप असं काहीही लांब नि सरळ भ्रंशावरून जाणारं शोधा, आणि दरवर्षी त्याच जागी उभं राहून, पट्टी टेकवून फोटो काढा. कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड शहरात रोझ आणि प्रॉस्पेक्ट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर फुटपाथाची अशीच एक कड होती. हेवर्ड भ्रंश वर्षाला ५ मिलिमीटरच्या आसपास सरकतो, आणि भूगर्भशास्त्रज्ञ कित्येक दशकं त्या तुटत चाललेल्या कडेचे फोटो काढत होते. २०१६ मध्ये चाकाच्या खुर्च्यांसाठी उतार करायला म्हणून ती कड काढून नवीन केली गेली. बरेच जण हळहळले. मीही, पहिले दोन दिवस. मग लक्षात आलं की भ्रंश तिथून कुठे गेलेला नाही, आणि जुन्या कडेचा नसला तरी नव्या कडेचा शून्य दिवस आपल्याला पक्का ठाऊक आहे.